दहा रात्री, पाच बेटं आणि सासूबाईंचे गुडघे

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते, काही सुटलं असेल तर सांगा. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, सासू-सासरे दोघंही शुद्ध शाकाहारी. हातात दहा रात्री, मे महिन्याचा शेवट नाहीतर दिवाळीची सुट्टी. आणि ग्रीसची यादी म्हणजे अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट, कॉर्फू आणि रील्समध्ये दिसतो तो पांढऱ्या कड्याखालच्या फुटक्या जहाजाचा बीच, म्हणजे झाकिंथोस. यांचा क्रम कसा लावायचा, फेरी की विमान, आणि क्रूझ घेतली तर सगळं एकातच बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

खरं सांगू का, हा क्रमाचा प्रश्नच नाहीये. कुठलं बेट आधी आणि कुठलं नंतर हे दहा मिनिटांत ठरतं. दहा दिवसांत पाच जणांच्या बॅगा किती वेळा भरायच्या हे आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मी पुण्यातून फॅमिली ट्रिपा आखून देते, त्यात ग्रीस सगळ्यात जास्त, आणि परत आल्यावर अजून एक बेट हवं होतं असं म्हणणारं मला फारसं कोणी भेटत नाही. सारखं पळतच होतो, हे मात्र बरेच जण म्हणतात.

आधी नकाशा उघडा. मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी ही सिक्लेड्स नावाच्या समूहातली बेटं, अथेन्सच्या आग्नेयेला, एजियन समुद्रात. कॉर्फू आणि झाकिंथोस पश्चिमेला, इटलीच्या बाजूच्या आयोनियन समुद्रात. मध्ये ग्रीसची अख्खी मुख्य भूमी आडवी पडलेली आहे. त्यामुळे सँटोरिनीहून कॉर्फूला फेरी वगैरे नसते, परत अथेन्सला या आणि मग पुढे विमान घ्या, किंवा बसने कॉर्फूसाठी इगुमेनित्सा आणि झाकिंथोससाठी किलिनी बंदर गाठा. कॉर्फू सुंदरच आहे, हिरवंगार आहे, व्हेनिसच्या राज्याच्या खुणा जागोजागी आहेत, पण ती वेगळी ट्रिप आहे. आणि त्या जहाजाच्या बीचचं म्हणाल तर पानायोटिस नावाचं ते जहाज १९८० साली तिथे लागलं, पण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वरचा कडा ढासळला आणि त्यानंतर वाळूवर उतरायला बंदी आली. रीलमध्ये जहाजाला टेकून फोटो काढणारे लोक दिसतात ते जुने व्हिडिओ आहेत, आता बोटीतून लांबूनच बघायचं. तेवढ्यासाठी दोन दिवस घालवू नका असं मी स्पष्ट सांगेन. ही दोन नावं काढली की यादी निम्मी सोपी होते.

आता एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणं म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण वेबसाइटवर नुसतं 'दोन तास दहा मिनिटं' लिहिलेलं असतं आणि लोक तेवढंच धरून चालतात. हॉटेल अकराला सोडायचं. फेरी दीडची. बंदरावर अर्धा-पाऊण तास आधी पोचायचं, तिथे सावली कमी आणि माणसं जास्त. फेरी आधीच्या दोन बेटांवर थांबत आलेली असते म्हणून वीस मिनिटं, अर्धा तास उशीर हा उशीर धरतच नाहीत. मग ती वळून पाठमोरी धक्क्याला लागते, मागचा लोखंडी रॅम्प पूर्ण खाली यायच्या आधीच खलाशी हात करून 'चला चला' सुरू करतात, उतरणारी माणसं, चढणारी माणसं, ट्रक, स्कूटर सगळं त्या एकाच तोंडातून. आत गाड्यांचा मजला, तिथे भिंतीकडेला रॅक असतात आणि त्यावर बेटांच्या नावाच्या पाट्या, आपापल्या बेटाच्या रॅकवर बॅगा ठेवायच्या आणि वर जाऊन बसायचं. उतरताना उलट. पंधरा मिनिटं आधी घोषणा होते, सगळे जण एकदम खाली येतात, डिझेलच्या वासात, इंजिनाच्या आवाजात बॅगा शोधून उभं राहायचं, आणि जहाज धक्क्याला थांबतं ते अगदी काही मिनिटं. मग पुढचं हॉटेल रूम देणार तीनला. म्हणजे दोन तासांच्या फेरीत सकाळ गेली, दुपार गेली आणि माणसं दमली ती वेगळीच. तरुण जोडपं असेल तर यातही मजा आहे. तुमच्याकडे पाच मोठ्या बॅगा, एक मूल आणि दुखरे गुडघे आहेत, तेव्हा अशा फेऱ्या दोनच ठेवा, तिसरी नको.

म्हणून माझा आराखडा असा, आणि हा मे अखेरीसाठी आहे: अथेन्स दोन रात्री, नॅक्सोस चार, सँटोरिनी तीन, परत अथेन्स एक. अथेन्स ते नॅक्सोस मोठ्या फेरीने, नॅक्सोस ते सँटोरिनी पण मोठ्या फेरीने, आणि सँटोरिनीहून अथेन्सला विमान, पाऊण तासात पोचतं.

फेरी घेताना दोन प्रकार दिसतील. एक हायस्पीड, कॅटामरान टाइप, महाग आणि वेगवान, आणि एक साधी मोठी कार फेरी. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सँटोरिनीला हायस्पीड साधारण पाच तास, मोठी फेरी साडेसात-आठ तास, त्यामुळे सगळे हायस्पीडकडे धावतात. पण तुम्ही नॅक्सोसला उतरणार, तिथे मोठी फेरी पाच-साडेपाच तासांत जाते, सकाळी साडेसातच्या सुमारास निघाली की जेवायच्या वेळेला तुम्ही बेटावर. मोठ्या फेरीत वरच्या डेकवर मोकळं फिरता येतं, मुलगी खूश, गाड्यांच्या मजल्यावरून वर जायला सरकते जिने आणि लिफ्ट असते (लिफ्ट दिसत नाही, कर्मचाऱ्याला विचारा, तो नेतो), आणि जहाज जड असल्याने कमी डुचमळतं. हायस्पीडमध्ये बहुतेक वेळा सीटवर बसूनच राहावं लागतं आणि लाटा असल्या की निम्मं जहाज पिशव्या हातात धरून बसलेलं असतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी तर मोठ्या फेरीचंच तिकीट काढावं.

मिकोनोस का काढलं हे तुम्ही विचारणारच. मिकोनोस वाईट नाही, पांढऱ्या गल्ल्या, पवनचक्क्या, फोटो छान येतात, पण ते मुळात पार्टीचं आणि पैसेवाल्यांचं बेट आहे, बीचवर नुसत्या दोन खुर्च्या आणि छत्रीला जे भाडं घेतात त्यात नॅक्सोसला पाच जणांचं जेवण होईल. तिथे जायचं माझ्या मते एकच भक्कम कारण आहे, ते म्हणजे शेजारचं डेलोस. अपोलो आणि आर्टेमिसचं जन्मस्थान मानलेलं बेट, १९९० पासून युनेस्कोच्या यादीत. जुन्या काळात तिथे कोणी जन्मायचं नाही आणि मरायचंही नाही असा नियमच होता, आणि आजही तिथे मुक्कामाची सोय नाही, सकाळी जायचं आणि परत यायचं. मिकोनोसहून अर्धा तास लागतो, पण सीझनमध्ये नॅक्सोसहूनही डेलोस आणि मिकोनोस अशी एका दिवसाची बोट असते, तुम्ही दोघंच जाऊन या. डेलोसला सावली नाही आणि दगडगोटे भरपूर, सासू-सासऱ्यांना त्या दिवशी बीचवर ठेवा.

नॅक्सोस हे सिक्लेड्समधलं सगळ्यात मोठं बेट आणि तिथे खरीखुरी शेती आहे, बटाटा तिथला प्रसिद्ध, चीज तिथलं प्रसिद्ध. त्यामुळे पर्यटक आले नाहीत तरी गाव जिवंत असतं आणि खाणं स्वस्त आणि ताजं मिळतं. बंदराशेजारीच पोर्तारा, म्हणजे अर्धवट राहिलेल्या अपोलोच्या देवळाचं संगमरवरी दार, नुसती चौकट उभी आहे आणि संध्याकाळी सगळं गाव तिथे सूर्यास्ताला जमतं. वरचा किल्ल्याचा भाग चढाचा आहे, पण समुद्राकाठचा रस्ता सपाट. राहायला गावाला लागून असलेला आगिओस योर्गोस बीच बघा, पाणी उथळ, लहान मुलांना उत्तम आणि जेवायला चालत गावात जाता येतं. एक दिवस गाडी करून हाल्की आणि अपिरान्थोस ही डोंगरातली गावं करा. स्वतः चालवणार असाल तर इथून आरटीओचं इंटरनॅशनल परमिट काढून न्या आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर बुक करा, तिथे मॅन्युअलच जास्त असतात.

सँटोरिनीवर मात्र जरा सावध. ज्वालामुखीच्या कड्यावर लटकलेली पांढरी घरं, गुहेतल्या खोल्या, खाली निळा समुद्र, हे सगळं खरं आहे, फोटोत दिसतं तसंच दिसतं. पण ती घरं कड्यावर आहेत म्हणजे पायऱ्यांवर आहेत. इया आणि फिरा या गावांतल्या कड्याकडच्या हॉटेलांत गाडी रस्त्यावर थांबते आणि मग साठ, ऐंशी, कधी शंभराच्या वर पायऱ्या खाली, अरुंद, उंच-सखल, कठडा असेलच असं नाही. बॅगा हमाल घेतो, पण माणसांना आपल्याच पायांनी उतरायचं आणि रात्री जेवून चढायचं. वेबसाइटवरचे फोटो या पायऱ्या कधी दाखवत नाहीत. हॉटेलला ईमेल करून दोनच प्रश्न विचारा, रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आणि खोलीपासून नाश्त्यापर्यंत किती. उत्तर गोलमोल आलं तर ते हॉटेल सोडून द्या. तुमच्यासाठी मी कमारी किंवा पेरिसा सांगेन, दोन्ही सपाट, काळ्या वाळूचे बीच, भाडं बरंच कमी, आणि बसने फिरा गाठता येतं. बसचं एवढंच लक्षात ठेवा की जवळजवळ सगळ्या बस फिरावरून जातात, त्यामुळे कमारीहून इयाला जायचं तर फिराला बदलावी लागते. पाच जण आहात, एखादा दिवस टॅक्सीवाल्याला अर्धा दिवस ठरवलंत तरी चालेल.

सूर्यास्त इयालाच बघायचा असा हट्ट नको. तिथल्या किल्ल्याच्या टोकावर उभं राहायला जागा नसते आणि मग अंधारात सगळी गर्दी एका गल्लीतून बाहेर पडते, गुडघेवाल्या माणसाला तिथे अडकवणं म्हणजे शिक्षा आहे. इयाला सकाळी आठला जा, गल्ल्या रिकाम्या मिळतील. संध्याकाळी पिर्गोस गावात किंवा आक्रोतिरीच्या दीपगृहाकडे जा. आणि आक्रोतिरीचं उत्खनन चुकवू नका. साधारण इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास झालेल्या उद्रेकाच्या राखेत पुरलं गेलेलं अख्खं गाव आहे, दुमजली घरं, सांडपाण्याची व्यवस्था, मोठमोठे रांजण जागच्या जागी. वर छप्पर, चालायला सरळ मार्ग, ऊन नाही, म्हणजे सासूबाईंनाही जमेल. तिथली भिंतीवरची चित्रं मात्र तिथे नाहीत, काही फिराच्या म्युझियममध्ये आणि काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

अथेन्सबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला सगळीकडे मिळेल. फक्त अॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन देवळं, त्याचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं ते आधी काढा, सकाळचा पहिला स्लॉट घ्या, आणि ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी वर जायला वेगळी लिफ्ट आहे, त्याची आधी चौकशी करून ठेवा. खालचं अॅक्रोपोलिस म्युझियम थंडगार आणि लिफ्टवालं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदली रात्र अथेन्सलाच. याला अपवाद मी कोणासाठीच करत नाही. कारण वारा. एजियनमध्ये उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, जुलै-ऑगस्टमध्ये जोरात, आकाश निळंभोर, ऊन कडक आणि समुद्र मात्र खवळलेला. वाऱ्याचा जोर बोफर्ट नावाच्या मापात मोजतात, साधारण ८ बोफर्टला वारा पोचला की बंदर अधिकारी फेऱ्या थांबवतात, हायस्पीड तर त्याच्या आधीच थांबतात. पावसाळ्यात आपली मांडव्याची लाँच बंद होते तसंच, फक्त इथे काही तास आधी कळतं. फेरीचं तिकीट परत मिळतं किंवा पुढची फेरी देतात, पण चुकलेलं मुंबईचं विमान तुम्हाला कोणी परत देत नाही. नाशिकच्या एका फॅमिलीने स्वतःच बुकिंग करून शेवटच्या दिवशी सकाळची फेरी आणि संध्याकाळचं विमान असं ठेवलं होतं, फेरी रद्द झाली, आणि मग बेटावरून विमानाच्या सीटा शोधायला त्यांनी मला फोन केला, पाच सीटा एकत्र काही मिळाल्या नाहीत. मेमध्ये हा वारा कमी असतो पण नसतोच असं नाही. शिवाय १ मेच्या आसपास जाणार असाल तर त्या दिवशी फेऱ्यांचा संप असतो असंच धरून चाला.

मे की दिवाळी, हे मुलीच्या शाळेवर आहे, पण माझं मत मे. मे अखेरीला दिवस मोठा, सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास, गर्दी सहन होण्याइतकी. पाणी मात्र गार, १९-२० डिग्रीच्या आसपास, मुलं तरी उतरतात, मोठी माणसं पाय बुडवून परत येतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली तर बेटांचा विचार सोडा. ऑक्टोबरच्या शेवटी सीझन मिटतो, हॉटेलं बंद, हायस्पीड बंद, सँटोरिनीच्या गल्ल्यांत रंगकाम चाललेलं असतं. तेव्हा जायचंच तर अथेन्स आणि क्रीट करा. क्रीट हे बेट म्हणून बघूच नका, पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरच्या वर पसरलंय, मोठी शहरं आहेत, बारा महिने चालू असतं. हानिया, हेराक्लिओन, क्नोसोसचा राजवाडा, याला निदान पाच-सहा रात्री हव्यात. म्हणूनच वरच्या आराखड्यात मी ते घुसवलं नाही.

क्रूझचं उत्तर मात्र परिस्थितीवर आहे. बॅग एकदाच उघडायची, खोली तीच, लिफ्ट आहे, जेवण तयार, तेव्हा सासूबाईंना सलग एक मजलाही चढवत नसेल तर तीन-चार रात्रींची छोटी क्रूझ हा चांगला मार्ग आहे, मी स्वतः अशा लोकांना तोच सुचवते. पण मग बेट काही तासांचंच मिळतं. सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, लहान बोटीने जुन्या बंदरात उतरायचं आणि वर जायला केबल कार, तिची रांग, किंवा पाचशेच्या वर पायऱ्या. गाढवं असतात, त्यावर बसू नका, गाढवासाठीही आणि तुमच्यासाठीही. जून ते सप्टेंबर सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझने उतरणाऱ्यांना माणशी २० युरोंचा वेगळा करही आहे, २०२५ पासून, बाकी महिन्यांत कमी. आणि एक खाचखळगा: यातल्या बऱ्याच क्रूझ कुशादासीला थांबतात. ते तुर्कस्तान आहे, शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या, बाहेर. तुमचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तिथे पाय ठेवल्यावर तो संपला, आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागेल का तेही क्रूझ कंपनीला विचारा. तेव्हा बुकिंगच्या आधी बंदरांची यादी वाचा.

खाण्याची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाहीये. ग्रीक लोकांचे चर्चचे उपास भरपूर असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध बंद, त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्यांचे पदार्थ घरोघरी आणि खानावळींत असतात. वेटरला 'व्हेजिटेरियन' म्हणण्यापेक्षा 'निस्तीसिमो' आहे का असं विचारा, म्हणजे उपासाचं, चेहरा लगेच उजळतो. उपासाला शिंपले-कोळंबी चालतात त्यांना, तेवढं मात्र नाही म्हणून सांगा. ब्रियाम म्हणजे भाजलेल्या मिश्र भाज्या, गिगांतेस म्हणजे टोमॅटोतला मोठा पांढरा वाल, सँटोरिनीचे टोमॅटोचे वडे, आणि तिथला फावा, जो पिवळ्या डाळीचं घट्ट वरण आहे आणि आपल्या लाखेच्या डाळीच्या जवळच्या नातलगापासून करतात. वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. सासऱ्यांना आवडेल बघा. येमिस्ता, म्हणजे भरलेली टोमॅटो-मिरची, यात कधी कधी खिमा असतो, विचारून घ्या. नॅक्सोसला स्टुडिओ खोलीत छोटी शेगडी मिळते, डाळ-तांदूळ न्या, खिचडी होईल. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे.

हॉटेलचे पैसे आधी भरले तरी चेक-इनला खोलीमागे रोजचा सरकारी कर वेगळा द्यावा लागतो, एप्रिल ते ऑक्टोबर ३ स्टारला ५ युरो, ५ स्टारला १५ असा २०२५ पासूनचा दर आहे. दोन-तीन खोल्या आणि दहा रात्री म्हटल्यावर हिशेबात धरा. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, मुलीला ४५, सेंटरचा चार्ज वेगळा, आणि ३०,००० युरोंचा विमा सगळ्यांना सक्तीचा, सासू-सासऱ्यांचा जरा महाग पडेल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मेच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट भराभर संपतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच नंबर लावा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फ्री कॅन्सलेशनवालीच ठेवा, आणि फेरीचं तिकीट त्यानंतर काढलंत तरी मेमध्ये मोठ्या फेरीत जागा मिळते.